खोकणाऱ्या लेकराचं तिकीट
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

विठ्ठलवाडी, कल्याण (पूर्व)
१८ डिसेंबर २०२५

सन्माननीय श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार
यांस,

येत्या २५ तारखेपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटणार आहेत. ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालं तेव्हापासून आमच्या इमारतीत दुसरा विषय नाही. आजवर विमान गाठायचं म्हणजे विठ्ठलवाडीहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रोचं एक स्टेशन. हे सगळं बॅगा आणि कडेवरचं मूल सांभाळून. आता शीळफाट्याची कोंडी तेवढी पार केली की झालं, असं लोक म्हणतात. (शीळफाट्याची कोंडी "तेवढी" पार करणं ही काय चीज आहे ते तुम्हाला पुण्यात बसून कळायचं नाही, पण तो तुमच्या खात्याचा विषय नाही.) थोडक्यात, पुढच्या वर्षी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ पट्ट्यातली माणसं पूर्वीपेक्षा जास्त विमानात बसतील आणि त्यांच्यासोबत त्यांची लहान मुलंही बसतील. आमच्याकडची लहान मुलं हिवाळ्यात खोकतात. त्याबद्दल हे पत्र आहे.

मागणी आधीच सांगते, म्हणजे तुमच्या कार्यालयातल्या माणसाला पत्राच्या शेवटापर्यंत जावं लागणार नाही. पाच वर्षांखालचं मूल आजारी असेल आणि मुलांच्या डॉक्टरांनी "आज नेऊ नका" असं लिहून दिलं असेल, तर त्या मुलाचं आणि त्याच्यासोबतच्या पालकांचं तिकीट एकदा, दंड आणि भाड्यातला फरक न घेता, पुढच्या तारखेला बदलून मिळावं. कंपनीच्या मर्जीवर न ठेवता नियम म्हणून मिळावं. पैसे परत मागत नाही, फक्त तारीख मागते.

आता एवढ्याशा गोष्टीसाठी मंत्र्यांना का लिहायचं, ते सांगते.

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधलं, कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावरचं पहिलं स्टेशन. शेजारून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचं इतकंच, रंग रोज वेगळा असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत कुणीतरी रसायन ओतलं आणि उल्हासनगरच्या वडोल गाव भागातली शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात गेली. तेवढा मोठा प्रकार रोज होत नाही, पण धूळ, कचऱ्याचा धूर, खोदलेले रस्ते आणि एसटी आगाराच्या आसपास उभ्या गाड्यांचा धूर हे रोजचं आहे. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा ठरवलेल्या मानकात बसत नाही त्यांची यादी आहे. तिच्यात उल्हासनगर आहे आणि बदलापूरही आहे. दिवाळी सरली की इथल्या मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जागा नसते. कुणाची छाती भरलेली असते, कुणाला रात्री ढास लागते, कुणाला वाफ द्यायची असते. शाळेत अर्ध्या वर्गाला खोकला असतो आणि उरलेल्या अर्ध्याला मागच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो.

त्यामुळे विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी जेव्हा घाबरून विचारते, "बाळाला खोकला आहे का?" तेव्हा आमच्याकडच्या आईला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. खोकला कधी नसतो?

साध्या सर्दीनंतर लहान मुलाचा खोकला किती दिवस टिकतो, यावर अभ्यास झालेले आहेत. २०१३ मध्ये "ब्रिटिश मेडिकल जर्नल"मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलेले छापून आले होते. त्यानुसार दहातल्या नऊ मुलांचा खोकला पूर्ण थांबायला २५ दिवस लागतात. आई-बापाला वाटतं पाच-सहा दिवसांत जावा, आणि तो साडेतीन आठवडे रेंगाळतो. ताप गेलेला असतो, मूल खेळत असतं, जेवत असतं, आणि तरी मधूनच खोकतं. अशा मुलाला विमानात बसवायला बहुतेक डॉक्टर हरकत घेणार नाहीत. म्हणून "खोकणाऱ्या मुलाला विमानात घेऊ नका" असा नियम कुणी सुचवला, तर कृपा करून तो ऐकू नका. तसा नियम झाला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या भागातल्या एकाही लेकराला आजोळी जाता येणार नाही.

पण दुसऱ्या जातीचाही खोकला असतो. ताप चढलेला, श्वास जोरात, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही. आमच्याकडच्या आशाताईंना हे मोजायला शिकवलेलं असतं: दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त चालत असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पोट उघडं करून घड्याळ लावून मोजायचं असतं. एक मिनिट लागतं. अंगावर पुरळ आणि डोळे लाल असतील तर गोवराची शंका. खोकता खोकता मूल निळं पडत असेल, शेवटी ओकत असेल, तर डांग्या खोकल्याची. अशा मुलाला विमानात नेऊ नये ते त्याच्यासाठीही आणि इतरांसाठीही.

त्याच्यासाठी का, तर विमानातली हवा. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या उंचीइतका ठेवतात. हे जवळपास २,४०० मीटर झाले. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. म्हणजे बेंगळुरूला जाताना आपण बाळाला कळसूबाईच्याही बऱ्याच वर नेऊन बसवतो. त्या उंचीवर श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के असावा इतका भरतो. धडधाकट मुलाला ते कळतही नाही. ज्याची फुप्फुसं आधीच कफानं भरली आहेत त्याला कळतं. शिवाय आतली हवा अतिशय कोरडी, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली, त्यामुळे साधा खोकलाही तिथे जास्त खवखवतो. आणि कान. नाकामागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलात अरुंद आणि आडवी असते. सर्दीनं ती सुजलेली असली की विमान उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. विमानातली मुलं उतरतानाच का ओरडतात ते यात आहे. त्या वेळी बाळाला पाजलं, मोठ्या मुलाला घोट घोट पाणी दिलं, की गिळण्यानं नळी उघडते.

इतरांसाठी का, त्यातही लोकांचे गैरसमज आहेत. एकानं खोकलं की सगळ्या विमानात पसरतं, असं होत नाही. मोठ्या प्रवासी विमानात हवा डोक्यावरून येते, पायाशी खेचली जाते, दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, आणि परत फिरणारी हवा ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळण्यांतून येते. कल्याण लोकलच्या महिला डब्यात सकाळी जेवढी माणसं माझ्या तोंडावर खोकतात तेवढी विमानात आयुष्यभरात खोकणार नाहीत, आणि तिथे कुणी कुणाकडे डॉक्टरांचा दाखला मागत नाही. तरी शेजारच्या दोन-तीन रांगांना धोका असतोच. क्षयरोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना आठ तासांहून लांबच्या प्रवासात रुग्णाच्या पुढच्या दोन आणि मागच्या दोन रांगांतल्या माणसांचा माग काढायला सांगते. आता त्या रांगांत कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. मुंबईला येणाऱ्या कुठल्याही विमानात परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपीसाठी निघालेलं माणूस असू शकतं. नऊ महिने पूर्ण न झालेलं, म्हणजे गोवराची पहिली लसही न मिळालेलं बाळ असू शकतं. २०२२ च्या शेवटी गोवंडीत आणि आमच्या जिल्ह्यातल्या भिवंडीत गोवरानं काय केलं, ते फार जुनं नाही.

तेव्हा कुठलं मूल न्यायचं आणि कुठलं थांबवायचं, हे मुलांचे डॉक्टर दहा मिनिटांत सांगू शकतात. अडचण तिथे नाही. अडचण अशी की डॉक्टरांनी "थांबा" म्हटल्यावर आई-बापाला थांबणं परवडत नाही.

सध्याच्या नियमाप्रमाणे तिकीट रद्द केलं तर कंपनी मूळ भाडं आणि इंधन अधिभार एवढ्या मर्यादेपर्यंत दंड घेऊ शकते. कर आणि विमानतळाचं शुल्क तेवढं परत मिळतं. कागदावर ही मर्यादा वाटते, प्रत्यक्षात स्वस्त तिकिटाचं सगळं भाडंच त्यात जातं. तारीख बदलायची तर बदलाचा दंड वेगळा आणि त्या दिवशीच्या चढ्या भावातला फरक वेगळा. माझी लेक बेंगळुरूला असते. दिवाळीला आली, परत निघायच्या आदल्या रात्री नातीला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस थांबा. तिनं फोनवर सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आई, तारीख बदलायला जेवढे लागतायत तेवढ्यात नवीन तिकिटं येतील, आणि ती तिघांची!" कुठली कंपनी ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीत काही निराळं झालं असतं असं मला वाटत नाही. आम्ही थांबलो, कारण आम्हाला तो भुर्दंड कसाबसा सोसता आला. जावई दोन दिवस इथून लॅपटॉपवर काम करू शकले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या, बांधकामावर सुतारकाम करणाऱ्या माणसाला हे जमलं नसतं. गावी वाराणसीकडे जायला रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही म्हणून त्यानं बायको आणि दोन मुलांची विमानाची तिकिटं काढली होती, दोन महिन्यांची बचत घालून. त्याच्या मुलाला ताप असता तर तो काय करणार होता? तेच, जे सगळे करतात.

सगळे काय करतात ते तुमच्या अधिकाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणतात, शक्यतो झोप आणणारं, आणि निघायच्या आधी एक चमचा जास्त पाजतात. म्हणजे काउंटरवर मूल खोकणार नाही, कुणी दाखला मागणार नाही, विमानात शेजारचा साहेब मान वळवून बघणार नाही. ताप उतरवायचं औषधही देतात, म्हणजे कपाळ गार लागतं. आईचा यात दोष काढायला मी तयार नाही. तिला व्यवस्थेनं सांगितलेलं असतं की आजार लपव, नाहीतर वीस हजार रुपये घाल.

आणि हे चमचाभर औषध काय असतं ते या वर्षी आपण पाहिलं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, साध्या ताप-खोकल्याच्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली कित्येक मुलं आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि तिथे गेली. वीसहून अधिक मुलं, बहुतेक पाच वर्षांखालची. "कोल्ड्रिफ" नावाच्या औषधाच्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे रसायन औषधात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असूच नये. आपल्या अन्न व औषध प्रशासनानं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बॅचबद्दल लोकांना सावध केलं.

माझ्या वयाच्या माणसांना ते रसायनाचं नाव नवं नव्हतं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून तेच गेलं होतं आणि १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, महिनोन्‌महिने पेपरात त्याच्या सुनावण्या छापून येत, पुढे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी तेच विष चमच्यातून पुन्हा आलं, या वेळी लहान मुलांच्या.

छिंदवाड्यानंतर ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांना साधारणपणे देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या मिश्रणावर "चार वर्षांखालच्या मुलांसाठी नाही" असं छापायला लावलं होतं. त्यातलं क्लोरफेनिरामिन हेच झोप आणतं. म्हणजे विमानात मूल गप्प बसावं म्हणून जे पाजलं जातं, तेच सरकारचं एक खातं देऊ नका म्हणून सांगतंय, आणि दुसऱ्या खात्याचे तिकिटाचे नियम ते पाजायला भाग पाडतायत. ही दोन खाती दिल्लीत एकमेकांपासून किती लांब आहेत मला माहीत नाही. चालत जाता येत असेल तर कुणीतरी जावं.

औषधात भेसळ नसली तरी गुंगीतलं मूल विमानात नेणं बरं नाही. छाती भरलेल्या मुलाला कफ खोकून बाहेर काढता आला पाहिजे, ते गुंगीत नीट होत नाही. आणि झोपलेलं मूल कमी गिळतं, म्हणून विमान उतरताना कानाची नळी उघडत नाही. चमचाभर औषधानं दीड तास शांतता मिळते आणि शेवटच्या अर्ध्या तासात ते मूल कान धरून असं किंचाळत उठतं की आईला रडू येतं.

आमच्या पिढीचे उपाय विचाराल तर, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध (वर्षाखालच्याला अजिबात नाही, हे मी शेजारणींना भांडून सांगते), कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवली तर आजीच्या समाधानासाठी. बाळदम्याचं मूल असेल तर डॉक्टरांनी दिलेला पंप आणि स्पेसर खाली टाकायच्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत. बाकी थांबणं हाच उपाय. थांबणं औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते मिळायचं तर तुमच्या खात्यातूनच.

आता तुमचे अधिकारी काय म्हणतील ते माहीत आहे. पहिलं म्हणजे, भाड्यात आणि दंडात सरकार पडत नाही, ते बाजार ठरवतो. साहेब, याच महिन्याच्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक लेकरं घेऊन विमानतळाच्या फरशीवर झोपले, इतर कंपन्यांचे भाव आभाळाला भिडले. तेव्हा ६ डिसेंबरला तुमच्याच मंत्रालयानं भाड्यावर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. रद्द झालेल्या उड्डाणांचे पैसे परत द्यायलाही लावले. म्हणजे इच्छा झाली की सरकार भाड्यात पडतं, तेही एका दिवसात. ते योग्यच केलंत. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सांगितलं की बारा वर्षांखालच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आई किंवा बापाशेजारी जागा द्यायलाच हवी. त्याआधी कंपन्या त्या शेजारच्या जागेचेही पैसे लावायच्या. नियम आला, कुठली कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

गेल्या महिन्यात महासंचालनालयानं परताव्याच्या नियमांचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. तिकीट काढल्यावर ४८ तासांत दंडाशिवाय बदलण्याची सोय त्यात आहे, ती चांगली आहे. पण दोन महिने आधी काढलेल्या तिकिटाच्या आदल्या रात्री मुलाला ताप आला तर तिचा काही उपयोग नाही. वैद्यकीय अडचणीसाठीही एक कलम आहे. त्यात कंपनी पैसे परत देऊ शकते किंवा पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवू शकते, असं ठेवलं आहे. कंपनीवर सोडलं तर काय होतं ते आम्ही पाहतोच आहोत. पाच वर्षांखालच्या मुलांपुरतं तरी तिथे बंधन घाला.

दुसरं म्हणतील, लोक खोटे दाखले आणतील. आणतील थोडे. म्हणून तर मी पैसे मागत नाही, तारीख मागते. आजी आजारी आहे असं सांगून क्रिकेट बघायला जाणारा कारकून पुढच्या आठवड्यातलं विमान मागत नाही, त्याला आजचीच सुट्टी हवी असते. दाखल्यावर डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा, एका तिकिटावर एकदाच सवलत, तीस दिवसांच्या आतली तारीख, आणि विमान सुटण्याच्या निदान सहा तास आधी कळवलेलं हवं. सहा तासांत रिकामी झालेली जागा कंपनी विकू शकते, आणि शेवटच्या क्षणी ती किती भावाला विकते ते तिला ठाऊक आहे. जिचं नुकसान होतंय अशी ओरड होईल, ती बऱ्याच वेळा फायद्यातच असेल.

तिसरा प्रश्न मला स्वतःला जास्त अवघड वाटतो. आज मुलांसाठी दिलं तर उद्या म्हाताऱ्यांसाठी, परवा गरोदर बायकांसाठी मागतील. मागू दे. पण मोठा माणूस आपल्या आजाराचा निर्णय स्वतः करतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. दोन वर्षांचं मूल आपला निर्णय करत नाही, आणि त्याच्या वतीनं जी करते तिच्यासमोर एका हाताला मूल आणि दुसऱ्या हाताला महिन्याचं घरभाडं असतं.

पत्र लिहायलाच बसले आहे तर आणखी दोन लहान गोष्टी, यांना तर पैसाही लागत नाही.

विमान उतरायला लागायच्या आधी कर्मचारी खुर्ची सरळ करा, पट्टा बांधा म्हणून सांगतात. त्यात एक वाक्य घाला: लहान मुलांना जागं करा, बाळाला पाजा, मोठ्यांना पाणी द्या. मुंबई आणि नवी मुंबईला उतरताना ते मराठीतही सांगा.

दुसरी गोष्ट, जमिनीवर उभ्या विमानातली हवा. मार्च १९७७ मध्ये अलास्कात होमर नावाच्या गावी इंजिन बिघडल्यानं एक विमान अडकून पडलं. आत ५४ माणसं, त्यात फ्लूनं खोकणारी एक तरुणी. तीन तास विमान उभं होतं आणि हवा फिरवणारी यंत्रणा बंद होती. तीन दिवसांत त्यातले ७२ टक्के लोक आजारी पडले. तीच यंत्रणा चालू असती तर ताज्या हवेनं बरंच अडवलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात, धुक्यात, गर्दीत विमान माणसं भरून उभं राहतं, आतला थंडावा मंद होतो आणि लोक विमानातल्या पत्रकांनी वारा घेतात. बऱ्याचदा उकाड्याची तक्रार म्हणून ती सोडून दिली जाते. मूल घेऊन बसलेल्या बाईसाठी आणि तिच्या मागच्या रांगेतल्या बाळासाठी ती हवेची तक्रार आहे. दारं लागल्यावर अमुक मिनिटांपेक्षा जास्त वेळ हवा बंद किंवा मंद राहिली तर प्रवाशांना उतरवायचं, असा आकडा महासंचालनालयानं ठरवून द्यावा. किती मिनिटं ते तज्ज्ञांनी ठरवावं. मला आकडा सुचवता येत नाही, पण तो असायला हवा.

करोनात तुम्ही पुण्याचे महापौर होता. हवा, खोकला, अंतर, दाखला यांबद्दल तुम्हाला समजावून सांगावं असं माझ्याकडे काही नाही. आपल्या पंतप्रधानांनी २७ एप्रिल २०१७ ला "उडान" योजनेचं पहिलं विमान सोडलं, त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचं विमानही सुटलं. हवाई चप्पल घालणाऱ्यानं विमानात बसावं ही ती कल्पना होती, आणि ती मला आवडली होती, आजही आवडते. आमच्या खालच्या मजल्यावरचा सुतार बसला विमानात, चप्पल घालूनच. पण तिकिटाचे नियम अजून त्याच माणसासाठी लिहिलेले आहेत ज्याला एक तिकीट वाया गेलं तरी दुसरं काढता येतं.

उन्हाळी सुट्टीची तिकिटं लोक फेब्रुवारीत काढायला लागतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर या एप्रिल-मेमध्येच उपयोगी पडेल. त्याची एक प्रत विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊन द्यायचं काम मी करीन. दाखल्याचा नमुना मराठीत असेल तर आणखी बरं.


विठ्ठलवाडीची एक आजी